काचेवरची टेप

३ मार्च

चि. ढबू हीस अ. आ.

तू पाठवलेला नवा स्क्रीन दुकानात बसवला. चित्र लख्ख दिसतं, पण जोड्यांचे नमुने काढायच्या माझ्या जुन्या प्रोग्रॅमची बटणं मुंगीएवढी झाली. नमुनाही बारका दिसायला लागला. मी नेहमीसारखी स्क्रीनच्या काचेला मापाची टेप लावली आणि पंचवीस सेंटिमीटर भरेपर्यंत नमुना ताणला. छापलेला कागद मोठा वाटला खरा, पण माझी टेप खोटं बोलत नाही, म्हणून कातडं कापलं. निघाला हत्तीचा जोडा! तुझी आई हसून हसून लोळली, मला मात्र रडू आलं. चाळीस वर्षांत माप चुकलं नव्हतं. डोळे गेले म्हणायचे, नाहीतर डोकं. महिनाअखेर दुकान बंद करतो आहे.

तुझ्या पायांची काळजी तेवढी लागून राहिली आहे.

तुझे बाबा

९ मार्च

ती. बाबांस सा. न. वि. वि.

डोळे आणि डोकं दोन्ही जागेवर आहेत. नव्या स्क्रीनवर ठिपके फार दाट असतात. तुमचा प्रोग्रॅम जुन्या वळणाचा, ठिपके मोजूनच चित्र काढतो, म्हणून सगळं आकसतं. त्याच्या चिन्हावर माउसचं उजवं बटण दाबून 'प्रॉपर्टीज' उघडा. मग 'कम्पॅटिबिलिटी'त जाऊन डीपीआयचं, म्हणजे ठिपक्यांच्या दाटीचं, बटण दाबा. तिथे शेवटच्या चौकटीत टिचकी मारा, 'सिस्टम' निवडा आणि प्रोग्रॅम बंद करून पुन्हा उघडा. अक्षरं किंचित धूसर दिसतील, चष्म्याला बोल लावू नका. आणि माप प्रोग्रॅममधल्या आकड्यांवरून घ्या, काचेवरून नाही!

माझं डावं पाऊल उजव्यापेक्षा अर्ध्या इंचाने लहान आहे, हे दुकानादुकानांत कुणाकुणाला सांगत फिरू? तुम्ही हात टेकलेत तर मी अनवाणीच हिंडेन, आणि कुणाची मुलगी तेही सांगेन.

माया आटू देऊ नका.

तुमची ढबू

२२ मार्च

चि. ढबू हीस अ. आ.

दोनदा चुकलो, तिसऱ्यांदा बटणं टम्म फुगून वर आली. तरी डोळ्यांच्या डॉक्टरांकडे जाऊन आलो. चष्म्याचा नंबर तोच आहे. हत्तीचा जोडा दर्शनी कपाटात मांडलाय. गिऱ्हाईक विचारतं, हा कुणाचा? मी सांगतो, माझ्या शहाणपणाचा.

सोबत तुझा जोडा पाठवतो आहे. काचेला टेप लावली नाही, शपथेवर सांगतो. डावा मुद्दामच अर्ध्या इंचाने आखूड आहे, तेव्हा स्क्रीन बदलायला धावू नकोस. झिजला की पाय घेऊन ये, दुकान उघडंच आहे.

तुझे बाबा