सड्यावरचं चक्र माझ्या मुलाच्या नावे

मी, हेमा गोपाळकृष्ण खांबेटे, वय वर्षे बहात्तर, निवृत्त शिक्षिका, राहणार केळशी, तालुका दापोली, जिल्हा रत्नागिरी, हे मृत्युपत्र स्वतःच्या अकलेने लिहीत आहे. गुडघे गेले आहेत, डोकं शाबूत आहे. तसा डॉक्टरांचा दाखला सोबत जोडला आहे. तो मुद्दाम घेतला. माझा मुलगा सलिल जी मंडळी घरी आणतो, त्यांना बारा हजार वर्षांपूर्वीचं विमान पुराव्याशिवाय पटतं, पण म्हातारी शहाणी आहे हे पटायला कागद लागतो. मला कोणी धाक घातलेला नाही. गळ पुष्कळ घातली. ती मी मानलेली नाही.

खालील मिळकत काही माझ्या पगारातून घेतलेली, काही माझे पती कै. गोपाळकृष्ण यांनी मला लिहून दिलेली, अशी माझी एकटीची आहे. पती अलोऱ्याला कोयना प्रकल्पावर होते. त्यांनी जन्मभर खडक फोडला, पण खडकाच्या तोंडी स्वतःचं वाक्य कधी घातलं नाही. मुलाने हा गुण घेतला नाही.

१. राहतं घर, परसासह, माझी नात स्वानंदी सलिल खांबेटे हिला द्यावे. घरात कोणत्याही मंडळाचे कार्यालय, प्रदर्शन अथवा व्याख्यान होऊ नये. 'प्राचीन महानगराची कन्या' म्हणून नऊवारी नेसून फोटोला उभी राहा, असं सलिलच्या शोध मंडळाने तिला सांगितलं तेव्हा ती म्हणाली, "मी पुण्याची आहे आणि उद्या माझी परीक्षा आहे." घर तिला द्यायला एवढं कारण मला पुरे.

२. सड्यावरची, म्हणजे गावावरच्या उघड्या माळाची, कातळजमीन, विहिरीसह. या कलमाला इतिहास आहे, तो लिहिल्याशिवाय हेतू कळणार नाही.

सड्याच्या कातळावर चित्रं कोरलेली आहेत. एक मासा, एक हत्तीसारखं जनावर, काही चौकटी. कोणी कोरली, कधी कोरली, मला ठाऊक नाही. शाळेत भूगोल शिकवताना मी मुलांना तिथे नेत असे आणि हेच सांगत असे. सलिलने सन २००० मध्ये स्वेच्छानिवृत्ती घेतली आणि वर्षभरात त्याला सगळंच ठाऊक झालं. केळशीसमोर समुद्रात एक महानगर बुडालेलं आहे, जगातल्या सगळ्या संस्कृती तिथून निघाल्या, आमचा सडा हा त्या नगराचा विमानतळ होता, आणि हा इतिहास आजवर सर्वांनी मिळून दडपला. कोणी दडपला असं विचारलं तर तो माझ्याकडे बघे. मी बत्तीस वर्षं सरकारी पुस्तक शिकवलं, म्हणजे मीही त्या कटात होते. मग 'अपरान्त महानगर शोध मंडळ' निघालं. पदाधिकारी बरेच, पण त्यातल्या एकालाही भरती-ओहोटीची वेळ सांगता येत नसे.

सन २००२ च्या मे महिन्यात मी सड्यावर गेले, तर माशाशेजारी एक चक्र. बत्तीस वर्षं मी तिथे पोरं उभी केली, चक्र नव्हतं. जुना कातळ काळा पडतो. नव्या छिन्नीखाली तो तांबडा निघतो. या तांबड्यावर काजळी आणि तेल चोपडलेलं होतं. बोटाला लागलं.

सलिल म्हणाला, "आई, मूळ खूण पुसट होती. आम्ही फक्त स्पष्ट केली."

"पुसट अक्षर गिरवणं वेगळं आणि कोऱ्या पाटीवर लिहिणं वेगळं. हे मी पहिलीतल्या पोरांनाही शिकवलंय."

"तुला मोठं चित्र दिसत नाही."

"तू काढलेलं दिसतंय ना."

इथवर मी सोडून दिलं असतं. मूर्खपणा करायला माणसाला मुभा असावी. पण पुढच्या उन्हाळ्यात मंडळाने सड्यावरच्या विहिरीला काटेरी तार घातली. ती विहीर म्हणे महानगराचं स्नानकुंड. शेजारच्या बौद्धवाडीच्या विहिरी एप्रिलात आटतात, तेव्हा वाडी याच विहिरीचं पाणी नेते. माझ्या सासऱ्यांनी अडवलं नाही, मी तर नाहीच. वाडीतल्या येसूबाई गमरे हंडा घेऊन माझ्या अंगणात आल्या. म्हणाल्या, "बाई, आमी दुसरीकडनं आणू पानी. पन तितं पाटी लावलीय, ती वाचलीत काय?"

त्यांचा मुलगा महेंद्र माझा विद्यार्थी, मंडणगडला शिक्षक आहे. तो सुट्टीत आला होता. त्याने पाटी वाचून दाखवली: 'पवित्र कुंड. पाण्यास स्पर्श करू नये.' मग म्हणाला, "बाई, हे वाक्य काही बारा हजार वर्षं जुनं नाही. आमच्या आजोबांना तोंडपाठ होतं."

मी सलिलला बोलावलं. तो म्हणाला, माझा तसा हेतू नव्हता, मंडळाने मजकूर ठरवला. मी म्हटलं, "पाटी काढ." तो म्हणाला, "बैठकीत ठेवतो."

मी बैठकीची वाट पाहिली नाही. माळ्यावरून पतींची पक्कड काढली आणि महेंद्रच्या खांद्यावर हात टाकून सड्यावर गेले. तार मी तोडली, पाटी त्याने उपटली. पहिला हंडा येसूबाईंनी भरला. सलिल लांब उभा होता. मंडळाच्या अध्यक्षांनी मला संस्कृतिद्रोही म्हटलं, तेव्हाही तो उभाच होता. ते मला अजून लागतं.

सबब: विहीर, विहिरीची वाट व सडा श्री. महेंद्र बाबाजी गमरे यांस वाडीच्या वापरासाठी द्यावा. चित्रं तज्ज्ञांना दाखवावीत. ते जे म्हणतील ते ऐकावं, आणि ते "माहीत नाही" म्हणाले तर तेही ऐकावं. चक्र बुजवू नये. त्याच्याशेजारी पाथरवटाकडून कोरून घ्यावे: 'हे चक्र सलिल गोपाळकृष्ण खांबेटे याने सन २००२ मध्ये काढविले.' खर्च माझ्या शिल्लकेतून करावा. माझ्या मुलाला कातळावर नाव हवं होतं, ते मिळावं.

३. मंडळाचं पुस्तक पेट्या भरून माळ्यावर पडलं आहे. न्हाणीच्या बंबाला वापरावं. कागद गुळगुळीत असल्याने नीट पेटत नाही. सोबत नारळाचं सोडणं घालावं.

४. पतींनी जमवलेले दगड, नावांच्या चिठ्ठ्यांसह, महेंद्रच्या शाळेस द्यावेत. एका दगडाच्या चिठ्ठीवर प्रश्नचिन्ह आहे. ते खोडू नये.

५. माझ्या मागे शोकसभा घेऊ नये. घेतलीच, तर मंडळाच्या कोणालाही माईक देऊ नये.

६. खालची आंब्याची बाग सलिलला द्यावी. मी त्याला बेदखल करते आहे असं गावात कोणी म्हणू नये. बागेत थापा चालत नाहीत. मोहोर गळला की गळला.

हे मृत्युपत्र मी त्याला परवा वाचून दाखवलं. चक्राच्या ओळीशी तो म्हणाला, "आई, हे कायमचं राहील."

"म्हणूनच कातळावर."

तो न जेवता उठून पुण्याला गेला. आज सकाळी त्याचा फोन आला. म्हणाला, "मोहोरावर तुडतुडे दिसायला लागले की फवारणी लगेच करायची, की थांबायचं?" तीन वर्षांत त्याने मला विचारलेला हा पहिला प्रश्न. मी उत्तर दिलं. वरील कलमांत काहीही बदल केलेला नाही.

व्यवस्थापक म्हणून मी स्वानंदीला नेमते. हे मी वाचले, समजले आणि दोन्ही साक्षीदारांसमोर सही केली. ज्यांना काही मिळतं त्यांना साक्षीला घेतलेलं नाही.

सही: हेमा गोपाळकृष्ण खांबेटे

साक्षीदार:
१. मनस्विनी दिगंबर वर्तक, केळशी (सही)
२. गोदूबाई धाकू पावसे, केळशी (सही, अक्षर मी शिकवलेलं, तेव्हा वाचता येईल)

स्थळ: केळशी
दिनांक: ११ जानेवारी २००४