पुस्तकावरची वेणू

भिवंडी, सोमवार

ती. आईस,

वाकून नमस्कार. मी बरी आहे, जेवणही वेळेवर होतंय. तुझा गुडघा कसा आहे? मनोज तेल आणून देतो ना?

दिपाली आणि मी मिळून लिहितो, त्या पुस्तकांवर आम्ही ‘वेणू’ हे नाव घालतो. लग्नात ताटातल्या तांदळावर नवं नाव लिहिलं गेलं आणि तुझं माहेरचं वेणू मागे पडलं. ते कुठेतरी छापून यावं, असं मला वाटे. दिपालीला मी हे रडतरडत सांगितलं होतं.

काल वाचनालयाच्या कार्यक्रमात कुणीतरी नावामागची गोष्ट विचारली. दिपाली म्हणाली, “वेणू माझी आजी. कशेळीच्या खाडीवर मासे विकायची.” लोकांनी टाळ्या वाजवल्या. मीही वाजवल्या, आई.

नंतर विचारलं, तर हसली. “अगं, लोकांना आवडलं ना? तुझी आई थोडीच ऐकायला आली होती!”

आता तिच्याबरोबर लिहिणं होणार नाही. नाव मात्र ती सोडत नाही.

रात्रभर तिच्यावर चिडले. सकाळी चहा करताना आठवलं, सासरच्यांनी नाव बदलताना तुला विचारलं नव्हतं. पुस्तकावर घालताना मीही विचारलं नव्हतं.

तुझी लेक,
ज्योत्स्ना