पांढऱ्या हातमोज्यांची तपासणी

माल्टा, ५ मार्च १९०१

तीर्थरूप डॉर्कसताईस सेप्टिमसचा सा. न. वि. वि.

तुझे केशराचे पाव पोचले. वाटेत दगड झाले होते, तरी जहाजावरच्या बिस्किटांपुढे कापूस वाटले.

अठरा तारखेला नवे ॲडमिरल तपासणीला येणार. जूनच्या बढतीच्या यादीत कमांडरचा कॅप्टन झालो नाही, तर वयामुळे माझं नाव कायमचं कटलं. मग घरी येऊन तुझ्या कोबीला पाणी घालायचं. म्हणून आमच्या 'ॲमरँथ' जहाजाला नवरीसारखं सजवलं आहे. तोफांच्या तोंडांना आतूनसुद्धा पांढरा रंग दिलाय. बाबांचे कॅप्टनचे खांद्यावरचे सोनेरी झुबके काढून जरा उन्हात ठेव.

लोभ या रंगापेक्षा टिकाऊ असावा.
सेप्टिमस

फालमथ, ११ मार्च

चि. सेप्टिमसास अनेक आशीर्वाद.

झुबके उन्हात ठेवले, त्यांवर मांजर निजलं. एक शंका येते. आतून रंग दिलेली तोफ उडवता कधी? दर महिन्याला गोळे उडवल्याचा अहवाल तर तूच सही करून धाडतोस. बाबा म्हणायचे, काळी न झालेली कढई आणि तोफ, दोन्ही नुसत्या शोभेच्या. मला मेलीला काय कळतंय, पण विचार कर.

गळ्याला फ्लॅनेल बांधत जा.
तुझी ताई

माल्टा, २० मार्च

ती. ताईस सा. न.

पत्र एक दिवस उशिरा आलं, आणि तेवढ्यानंच घात झाला.

ॲडमिरलसाहेबांनी पांढरे हातमोजे घालून अख्खं जहाज चाचपलं. बोट कुठेच मळेना, माझी छाती फुगत चालली. शेवटी त्यांनी तोफेच्या तोंडात हात घातला. तोही पांढराच निघाला. मग खिशातून माझा अहवाल काढून शांतपणे विचारलं, की कमांडर, गेल्या महिन्यातले बारा गोळे काय पाय पुसून बाहेर पडले? आमचे कॅप्टन शिंक आल्यासारखं करून वळले.

मी खरं सांगून टाकलं, की धुरानं रंग जातो आणि आजवर बढती रंगावरच मिळाली. साहेबांनी तिथल्या तिथे तोफ उडवायला लावली. रंगाचे पापुद्रे उडाले, भोजनगृहातल्या बशा फुटल्या, गोळा लक्ष्य सोडून भलतीकडेच गेला. ताई, फार लाज वाटली. कोबीशेजारी जागा ठेव.

तुझा
सेप्टिमस

माल्टा, ३ जुलै

ती. ताईस सा. न.

मी कॅप्टन झालो. यादी तीनदा वाचली. साहेबांनी शेरा मारलाय, की या माणसाच्या हाती तोफ देऊ नये, आणि रंग दुसऱ्या कुणाच्या हाती देऊ नये. मला इस्पितळाचं जहाज मिळालंय. नखशिखांत पांढरं, तोफ एकही नाही. झुबके धाड.

सेप्टिमस

फालमथ, १० जुलै

चि. सेप्टिमसास उदंड आशीर्वाद.

झुबके धाडले आहेत; मांजराचे केस मात्र निघाले नाहीत. पत्र वाचून मी रडले, आणि तशीच एप्रनवर रस्त्यात जाऊन पोस्टमनला सांगितलं. त्यानं विचारलं, जहाज कसं आहे. मी म्हटलं, मोठं आहे, पांढरंशुभ्र आहे. तोफांचं त्यानं विचारलं नाही, मीही सांगितलं नाही.

आहेस तसाच ये.
डॉर्कसताई