अर्धाच नमस्कार

डोळखांबच्या प्रमिलाताईस,

मुरबाडहून तुझ्या धाकट्या हरेशचा वाकून नमस्कार (डॉक्टरांनी वाकायला नको सांगितलंय, म्हणून सध्या अर्धाच). तुझा गुडघा कसा आहे? भातकापणीला बांधावर बसून राहिलीस का, की नेहमीसारखं कुणाचं ऐकलंच नायस? फोन केला असता, पण आई ऐकेल.

तर ताई, कॉलेजच्या मॅचला माझं डोकं समोरच्याच्या गुडघ्यावर आपटलं. या मोसमातली तिसरी खेप. रक्ताचा थेंब नाय, म्हणून पोरांनी तोंडावर पाणी मारून चढाईला पाठवलं. मी दम धरून निघालो, मध्यरेषेवरून उलटा फिरलो आणि "कबड्डी कबड्डी" करत थेट आपल्याच अंगणात! आपल्याच कप्तानाला, म्हणजे काकांच्या संदीपदादाला, पाय लावून बाद केलं. लोकांनी टाळ्या पिटल्या. पंच बिचारा शिट्टी तोंडात धरून उभा, गुण कुणाला द्यायचा ते त्याला कळेना.

शहापूरच्या डॉक्टरांनी पाच शब्द लक्षात ठेवायला सांगितले. थोड्या वेळाने विचारलं तर दोन आठवले, तिसऱ्याच्या जागी मी आपल्या म्हशीचं नाव ठोकून दिलं. ते हसले नायत. म्हणाले, असा मार परत परत बसला तर मेंदू आधीसारखा होईलच असं नाय. विसरशील, अभ्यासात लक्ष लागणार नाय, उगाच चिडशील. खेळ थांबव. (आईला मी फक्त मुका मार सांगितलाय. तिने मीठमिरच्या उतरवून चुलीत टाकल्या, कुणालाच ठसका लागला नाय, म्हणून दृष्ट मोठी ठरली आणि अख्ख्या कॉलेजच्या नावाने तिने बोटं मोडली.) परवा तिने जेवायला दोनदा हाक मारली तर मी तिच्या अंगावर ओरडलो. ती ताट वाढून गेली. मला रडू आलं गो. मी असा नव्हतो ना? भीती वाटते. तुझा गुडघा कसा आहे?

दिवाळीनंतर गावाचे सामने आहेत, तिथेपण कप्तान संदीपदादाच, आणि त्याला मी पाहिजेच. पाय मोडला असता तर प्लास्टर दाखवून सुटलो असतो, डोकं काय दाखवणार? आणि खोटं कशाला, खेळायचं मलापण आहे. 'नाय' म्हणायला तोंड उघडतो नि 'येतो' म्हणून बसतो.

बाकी सगळं ठीक. गुडघ्याचं विचारायचं राहिलंच.

तुझा,
हरेश

ता.क. भाऊबीजेला संदीपदादापण येईल. त्याच्यासमोर ओवाळणीत साडी मागू नको, माझी कबड्डी माग. बहिणीने ताट धरून मागितलेलं आपल्या घरात अजून कुणी नाकारलं नाय.

ता.क. पुन्हा. आयत्या वेळी मी भांडेन, "मी कधी असं लिहिलं?" म्हणेन. सोडू नको. फक्त लहानपणीसारखी डोक्यात टपली मारू नको ताई. कान धर.