दहातली तीन

४ फेब्रुवारी
पोचलो एकदाचे! वसाहत इवलीशी, माझ्यासकट माणसं दहा. करवतवाल्याने सामान उतरवून दिलं. हिने आधी चहाची भांडी काढली, म्हणजे घर पसंत पडलं असं समजायचं. पुढच्या खोलीत आम्ही दोघं. मागची, रानाकडच्या खिडकीची, ठमीने बळकावली. लेक सात वर्षांची, पण हट्टात माझ्या आजीला मागे टाकेल.

साहेबांनी काम समजावलं. रान तोडून शेत करायचं, पण दर दहा झाडांतली तीन राखायची, ज्यांच्या ढोलीत काही राहतंय अशी. त्यांना मी पांढरा पट्टा मारायचा. धान्यही पिकेल, पाखरंही राहतील. असं काम मिळायला नशीब लागतं.

११ फेब्रुवारी
शिडी लावा, ढोलीत डोकवा, उतरा. दिवसाला चाळीस झाडंही होईनात. पेरणी थांबत नाही, असं साहेबांनी दोनदा ऐकवलं. मग मी डोकं लढवलं: रस्त्याकडून मोजायचं, पहिली तीन रंगवायची, पुढची सात सोडायची. शिडी घरीच. चार दिवसांत अख्खं रान उरकलं!

ठमी बरोबर होती. बिनपट्ट्याच्या एका झाडातून चिवचिव येतेय म्हणाली. मी म्हटलं, पाखरं उडून जातात. पिल्लं कशी उडतील, असं तिने विचारलं. मी तिला दटावून गप्प केलं. संध्याकाळी जेवण गेलं नाही.

१८ फेब्रुवारी
तोड संपली, नांगर फिरला. शेत छान दिसतंय.

सकाळी माझ्या मनगटावर पांढरा पट्टा. रंग लागला असेल म्हणून रॉकेलने घासला, निघत नाही. हिच्याही हातावर तसाच. साहेबांच्याही. रस्त्याकडून पहिलं घर त्यांचं, दुसरं आमचं. बाकी सातांचे हात कोरे.

ठमीचाही.

२० फेब्रुवारी
करवतवाला नाही. त्याचं सगळ्यात टोकाचं घरही नाही, तिथे ताजी नांगरट. साहेब म्हणाले, कोण करवतवाला? थट्टा करत नव्हते. हिलाही आठवेना. मी वरचं पान वाचलं तेव्हा मला आठवला.

२१ फेब्रुवारी
स्वयंपाकीण. ट्रॅक्टरवाला. टोकाकडून एकेक घर गिळत नांगरट सरकत येतेय. रस्त्याकडून मोजलं तर ठमी चौथी.

मी रंगवली तशीच मोजणी. झाडात कोण आहे हे मी पाहिलं नव्हतं—

२२ फेब्रुवारी
तीन मजूर होते, गेले. आता ठमीच.

तिच्या मनगटावर रंग लावला. ओघळून जातो. तिला पुढच्या खोलीत आणलं. गाडीत घालून निघालो, तीन तास सरळ रस्ता, आणि पुन्हा साहेबांचं दार. हिने स्वतःचा पट्टा दगडाने घासला, रक्त आलं, त्याखाली पुन्हा पांढरा. लेकीऐवजी मला न्या, असं शेताकडे तोंड करून ओरडत होती.

मला भीती वाटते. चूक माझी, आणि वाचणार मी—

२३ फेब्रुवारी, सकाळ
ठमीचा हात सोडलेला नाही. ती विचारते, त्या पिल्लांना कुणी धरलं होतं का. काय सांगू—

दुपार
ही चहा घेऊन आली. कुणासाठी रडताय, विचारते. मागे खोली नाही, नांगरट आहे. माझा डावा हात मुठीसारखा मिटलेला. का ते—

वर सगळीकडे ठमी लिहिलंय. अक्षर माझंच आहे. ठमी म्हणजे