अहोजाहो

रविवार, १९ तारीख, दुपार

चि. डावऱ्या,

आशीर्वाद घे. नको असतील तर पाकिटातच राहू देत. मी बरी आहे, बाबा जेवून आडवे झालेत. तुझी तब्येत कशी आहे विचारणार होते, पण त्या दिवशी पाठमोरा दिसलास तेवढ्यात कळलं, चांगला भरलायस की! म्हणजे खायला-प्यायला मिळतंय. बरं वाटलं.

फोन तू उचलत नाहीस आणि मेसेज जातच नाहीत, म्हणजे मलाही बंद करून टाकलंयस. म्हणून हा कागद, वायनरीच्या पत्त्यावर. फाडण्याआधी शेवटपर्यंत वाच. फाडायला काय, कधीही फाडता येतं.

तुझा मेसेज आम्ही घरी पोचायच्या आत आला होता. 'बाबांनी मला अहोजाहो केलं. म्हणाले होते तसं करून दाखवलं. पुन्हा येऊ नका.' वाचून आधी तुझाच राग आला मला. बापाला एक शब्द न बोलता पाठ फिरवून आत जायचं? पण मग आठवलं. तू आपलं शिवणाचं दुकान सोडून निघालास तेव्हा मी तिथेच शर्टांची काजं करत बसले होते. 'दारू गाळायला चाललायस ना? खुशाल जा. उद्या समोर उभा राहिलास तरी आपण कोण, म्हणून विचारीन.' बाबा म्हणालेच होते, मी या कानांनी ऐकलंय. तेव्हा तुला जे वाटलं ते वाटणारच. माझी तक्रार नाही.

आता त्या दिवसाचं पहिल्यापासून सांगते.

जायचं बाबांनीच काढलं. एका सकाळी चहा पिता पिता म्हणाले, 'रजा काढ. ते द्राक्षवाले दारू कशी करतात बघून येऊ.' मी म्हटलं, बाबा, तुम्ही? ज्यांनी जन्मात खोकल्याचं औषधसुद्धा वास घेऊन परत केलं? तर म्हणे, 'हवापालट म्हणून.' तुझं नाव नाही काढलं. नाक वर असतंच त्यांचं. पण गाडीत बसल्याबरोबर विचारलं, 'तो कुठल्या वायनरीत आहे ते तुला ठाऊक असेलच.' मी म्हटलं, आहे, सरळ तिकडेच नेते. तर दचकलेच. 'नको नको, तिथे शेवटी. आधी एक-दोन ठिकाणी जाऊ. मला जरा सराव करू दे.'

कसला सराव, ते मला पहिल्या वायनरीत कळलं. मोठी होती. खडी टाकलेलं अंगण, माणसाच्या तिप्पट उंच स्टीलच्या टाक्या, आणि आत लांबलचक काउंटर. तिथल्या बाईंनी ग्लासात तळाशी थोडी ओतली आणि समजावलं, घोट तोंडात फिरवायचा, चव घ्यायची आणि या बादलीत थुंकायचं. बाबांचा चेहरा बघायला हवा होतास! 'लोकांच्या दारात येऊन थुंकू? पोरं लहान असताना थुंकली म्हणून कान पिळलेत मी.' आणि गटकन गिळली. मी डोळे वटारले, त्यांच्या गोळ्या चालू आहेत. बाई हसायला लागल्या. मग बाबा काउंटरवर वाकले आणि एकदम म्हणाले, 'तुझे शर्ट कोण शिवतं आता?'

बाई गोंधळल्या. मीही. ते त्यांना नव्हतंच रे. ते पाठ करत होते.

तुला भेटल्यावर पहिलं वाक्य काय बोलायचं, ते त्यांनी ठरवून ठेवलं होतं. चुकलं, माफ कर, असलं काही त्यांच्या तोंडून निघायचं नाही, तुलाही माहीत आहे. शिंप्याला एवढंच सुचलं. दुसऱ्या वायनरीकडे जाताना रस्ताभर तेच. एकदा दरडावून, एकदा हळू, एकदा हसत. 'हे कसं वाटतं गं? की आता हा शब्द काढून टाकू? आता म्हटलं की टोमणा वाटतो.' मी म्हटलं, बाबा, कसंही म्हणा, तो रडेल. तर म्हणे, 'तो रडला तर मी काय करायचं ते सांग.'

दुसऱ्या वायनरीत तळघरात लाकडी पिंपांच्या रांगा होत्या आणि चांगलाच गारठा होता. तिथेही बादलीकडे बघितलं नाही, दोन घोट गिळले. बाहेर आलो तेव्हा ऊन कलायला लागलं होतं. आणि मला काळजी लागली. दारूची नाही.

हे लिहायचं टाळत होते, कारण त्यांनी मला शपथ घातली होती की तुला कळवायचं नाही. 'दयेपोटी यायला नको तो.' पण आता शपथेचं काय घेऊन बसायचं? डावऱ्या, बाबा विसरतात. चष्मा विसरणं, किल्ली विसरणं तसलं नाही. मागच्या वर्षी एका गिऱ्हाइकाच्या शर्टाला दोन्ही बाह्या उजव्या हाताच्याच लावल्या आणि तो माणूस वेडा आहे म्हणून भांडले. मग दुकान बंद केलं. डॉक्टर म्हणाले, हे वाढतच जाणार, मागे येणार नाही. गोळ्या आपल्या समाधानासाठी. सकाळी बाबा छान असतात, पूर्वीचे असतात, सगळं ठाऊक असतं. दिवस कलला की माणसंही आठवणीतून जायला लागतात. म्हणून त्यांना घाई झाली होती. तुला ओळखता येतंय तोवर तुला बघायचं होतं.

आणि मी त्यांना तुझ्याकडे ऊन उतरल्यावर घेऊन आले.

तुझ्या दारात पोचलो, बाबा आत गेले आणि त्यांची टोपी गाडीत राहिली म्हणून मी परत फिरले. टोपी सीटखाली गेली होती. मी आत आले तेव्हा तू टाक्यांमागच्या दाराकडे चालला होतास, बाटली तशीच काउंटरवर. मी हाक मारली. तू थांबला नाहीस. मला वाटलं भेट झाली, दोघं बोलले, तू डोळे पुसायला आत गेलास. एवढी खुळी मी.

आत काय झालं ते बाबांनीच गाडीत सांगितलं. खुशीत होते.

'फार भला माणूस गं तो. डाव्या हाताने ओतली, एक थेंब सांडला नाही. मी म्हटलं, तुमचे शर्ट कोण शिवतं हो? तर त्याने बाटलीच खाली ठेवली. उजवा खांदा उतरता आहे त्याचा, आणि शिवणाऱ्याने बघितलंच नाही. अशा खांद्याला आतून थोडं अस्तर जास्त द्यावं लागतं. मी हात लावून दाखवलंसुद्धा. अगदी आपल्या डावऱ्यासारखा खांदा.'

मी स्टिअरिंग धरून बसले. खांदा ओळखला रे त्यांनी, तुझा खांदा ओळखला. आणि तुला अहो म्हणाले, कारण परक्या माणसाला ते कधी अरेतुरे करत नाहीत.

मग टोपी नीट करून म्हणाले, 'चल, निघ आता. आणखी उशीर नको. पोरगा वाट बघत असेल.'

मी तुझ्या दारातच गाडी उभी करून होते. परत आत जाऊन तुला बाहेर ओढून आणायला हवं होतं. पण बाबा तुला पुन्हा अहो म्हणतील, या भीतीने मी गाडीतून उतरलेच नाही. मी म्हटलं, बाबा, ते आता बंद झालं असेल. त्यांनी मान डोलावली. 'मग उद्या येऊ. सराव तर झालाच आहे.'

तो उद्या आला नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी उठल्यावर ते पुन्हा पूर्वीचे होते, पण वायनरीचं काही आठवत नव्हतं, आणि सांगायचं धाडस मला झालं नाही. काय सांगू? तुमचा मुलगा समोर होता आणि तुम्ही त्याला ओळखलं नाही, असं? त्यानंतर सकाळीही कधी कधी ते संध्याकाळसारखे असतात. तुझं नाव घेतलं तर 'हो का' म्हणतात. परवा बसल्या बसल्या माझ्या मुलीच्या बाहुलीला विचारत होते, 'शर्ट कोण शिवतं?' का विचारायचं ते गेलं. वाक्य तेवढं राहिलंय.

ये म्हणून लिहायला बसले होते. आता लिहिता लिहिता वाटतंय, येऊन काय करशील? तू समोर बसशील, ते तुला अहो-जाहो करतील, चहा घ्या म्हणतील, खांदा बघतील. तुला पुन्हा तेवढंच दुखेल. बरं होईल असं डॉक्टर म्हणत नाहीत, मीही म्हणणार नाही. एवढंच तुझ्या कानावर घालायचं होतं की त्यांनी ते करून दाखवलं नाही. ते तुला तू म्हणायला आले होते. सगळा रस्ता तू म्हणत आले होते.

आणि एक. आज सकाळी मी त्यांच्या पायांना तेल लावत होते. त्यांनी माझ्या डोक्यावर हात ठेवला, अगदी मायेने, आणि म्हणाले, 'बाई, तुम्ही फार करता हो माझं. तुमच्या घरी वाट बघत असतील.'

आई गेली, आता बाबाही असे. माहेरी मला अगं म्हणणारा तू एकटा उरलायस. येऊ नकोस हवं तर. पण एकदा फोन कर, आणि काही बोलायच्या आधी 'अगं ताई' म्हण. मग वाटेल तेवढं भांड.

तुझी,
ताई