पासिर रिसची जत्रा

पासिर रिस, सिंगापूर
२८ मे २०१६

चि. अरुणास,
अनेक आशीर्वाद.

व्हिडिओ कॉलवर माणसं समोरच्यापेक्षा स्वतःलाच जास्त बघतात, हे तुझं म्हणणं पटलं. म्हणून पत्र.

प्रकृती बरी आहे. तुझी वहिनी गेल्यापासून जेवणावरची वासना उडाली ती अजून परतलेली नाही. सूनबाई प्रणिता बिचारी ऑफिसला जाण्याआधी दोन-दोन भाज्या करून ठेवते. मी त्या चिवडतो आणि छान झाल्यात म्हणतो. ती आणि यशोधन सकाळी एमआरटीने, म्हणजे इथल्या मेट्रोने, रॅफल्स प्लेसला गेले की घरात उरतो मी आणि आर्या. तिला आजपासून महिनाभर सुट्टी. आठ वर्षांची पोर, पण मी मराठीत काही विचारलं की इथल्या इंग्रजीत ‘ओके लाह’ म्हणते आणि टॅबमध्ये डोकं घालते. एका सोफ्याची दोन टोकं आम्ही धरून बसतो.

ऑगस्टचं परतीचं तिकीट आहेच. मग ठरल्याप्रमाणे कायमचा तुझ्याकडे, कराडला.

स्टेशनजवळच्या मैदानावर दरवर्षीची जत्रा उभी राहते आहे. तिला इथे ‘पसार मालम’ म्हणतात, म्हणजे रात्रीचा बाजार. आकाशपाळणासुद्धा आहे. आर्याला नेता का, असं प्रणिताने विचारलं. हो म्हणालो खरा, पण त्या मुलीशी दोन तास बोलायचं काय?

तब्येतीला जप.
तुझा,
दादा

*

कराड
७ जून २०१६

ती. दादास,
साष्टांग नमस्कार.

तुझ्या खोलीला फिकट निळा रंग दिला. प्रबोधने, म्हणजे शेजारच्या शैलाच्या मुलाने, कपाट वर चढवून दिलं. खिडकीपाशी आरामखुर्ची ठेवली आहे. संध्याकाळी बोलायला घरात माणूस येणार, याचा मला किती आनंद झालाय ते लिहीत नाही. डोक्यावर चढून बसशील.

जत्रेला अवश्य जा. मात्र तिथे हेडमास्तरकी करू नकोस. हे खाऊ नको, तिथे हात लावू नको, रांगेत उभी राहा, असलं काही नाही. आपले अण्णा जत्रेत आपल्याला पुढे चालायला सांगायचे, आठवतं? आपण थांबू तिथे तेही थांबायचे. बांगड्यांच्या दुकानापुढे मी अर्धा अर्धा तास उभी असायचे, पण ते ‘चल’ म्हणाले नाहीत. तूही तसंच कर. बोलायचं काय, ते तिचं तिला सुचेल.

आणि आधी पाळणा, मग खाणं. उलट केलंस तर निस्तरायला मी तिथे नाही.

तुझी,
अरुणा

*

पासिर रिस
१९ जून २०१६

चि. अरुणास,
अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र शुक्रवारी आलं आणि काल आम्ही जत्रेला गेलो. अण्णांसारखा मागे मागे चाललो. त्यामुळे आधी पाळणा हा तुझा नियम पहिल्याच गाडीपाशी मोडला.

लोणी घातलेले मक्याचे दाणे खाल्ले. शेंगदाण्याचं कूट आणि साखर भरलेलं, आपल्या घावनापेक्षा चांगलं जाड असं एक धिरडं खाल्लं. वडे दिसले म्हणून मी हरखून पुढे झालो, तर प्रत्येक वड्यावर एक अख्खी कोळंबी बसलेली! आर्या पोट धरून हसली. मग प्रत्येक गाडीवर माझ्या आधी जाऊन, आजोबांना काय काय चालत नाही ते सांगू लागली. शेवटी एका बाईंकडे तांदळाच्या पिठाच्या वाफवलेल्या वड्या मिळाल्या. आत वितळलेला गूळ, वर ओलं खोबरं. अगदी उकडीच्या मोदकाची चव. मी चार खाल्ल्या.

मग पाळण्यात बसलो. आमचा डबा टोकाला पोचला आणि विजा चमकायला लागल्या. पाळणा थांबला. वारा सुटला, डबा हलायला लागला. आर्याने माझा दंड घट्ट धरला आणि रडत म्हणाली, “आजोबा, मला भीती वाटते.” स्वच्छ मराठीत.

मी म्हणालो, मलाही वाटते. ती रडायची थांबली. मोठ्या माणसाला भीती वाटते हे तिला ठाऊकच नव्हतं. मग माझी समजूत काढायला तिने बोट दाखवत एकेक सांगायला सुरुवात केली. तो आपला ब्लॉक, ती शाळा, तो समुद्र, पलीकडे मलेशिया. शब्द अडला की मला विचारायची आणि पुढे जायची. पाळणा पुन्हा सुरू होऊन खाली आलो तेव्हा यशोधन आणि प्रणिता विजा बघून घरून धावत आले होते. आर्याने त्यांना सांगितलं, मी आजोबांना सांभाळलं.

घरी येऊन मी भात मागून घेतला. प्रणिता वाढता वाढता थांबली आणि तोंड फिरवून स्वयंपाकघरात गेली.

आज सकाळी आर्याने विचारलं, “नेक्स्ट इयर जत्रा येईल, तेव्हा मी कुणाबरोबर जाऊ?” काय सांगू तिला?

तुझा,
दादा

*

कराड
३० जून २०१६

ती. दादास,
साष्टांग नमस्कार.

तुझं पत्र वाचून आधी हसले. दुसऱ्यांदा वाचलं तेव्हा तुझा राग आला. मग वर जाऊन तुझ्या खोलीत बसले. रंग चांगला आलाय.

आता ऐक. तुला उत्तर माहीत आहे, फक्त ते माझ्या तोंडून हवंय. राहा तिथेच. सुमतीवहिनी असती तर तिनेही हेच सांगितलं असतं, आणि माझ्यापेक्षा कडक शब्दांत. मला वाईट वाटलं नाही असं नाही. संध्याकाळी दोन कप चहा टाकायची मनातल्या मनात सवय करून घेतली होती. पण आठ वर्षांच्या मुलीला तू हवा आहेस आणि तुला भूक लागते आहे. यापुढे मी काय बोलू?

ऑगस्टचं तिकीट पुढे ढकल. डिसेंबरात तिला सुट्टी असेल, तेव्हा दोघं इकडे या. महिनाभर राहा, निळ्या खोलीत.

आणि आर्याला सांग, पुढच्या जूनमध्ये जत्रेला आजोबांबरोबर अजून एकजण असेल. पुण्यापलीकडे कधी गेले नाही मी, पण परवा प्रबोधला बरोबर घेऊन पासपोर्टच्या फोटोला गेले. फोटोवाला म्हणाला, आजी, हसायचं नाही. तीनदा काढला त्याने, मला काही जमेना.

यशोधन-प्रणिताला आशीर्वाद, आर्याला गोड पापा.

तुझी,
अरुणा